टायर विकण्याआधी टायर मोजणारं कुडाळातलं दुकान

कुडाळातून मालवणकडे निघालं की बाजारपेठ संपता संपता हे टायरचं दुकान लागतं. पुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये चाकांची दिशा जुळवायचं अलाइनमेंटचं मशीन, आत दोन्ही भिंतींना छतापर्यंत रचलेले टायर. रस्त्यावरून बघणाऱ्याला त्यात विशेष काही दिसणार नाही. पण माझ्या टुरिस्ट गाडीचे टायर मी इथेच दाखवतो आणि सिंधुदुर्गात गाडी चालवणाऱ्या ओळखीच्या प्रत्येकाला इथेच पाठवतो. कारण इथे टायर विकायच्या आधी गाडीला असलेला टायर मोजतात, आणि मोजून झाल्यावर "आज घेऊ नको" असंही तोंडावर सांगतात.

माझी एर्टिगा आहे. कुडाळ स्टेशनवरून तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ला, कधी चिपी विमानतळ, सिझनला गोवा. आणि वर्षभर, रात्री-अपरात्री, पेशंट घेऊन बांबोळी. आमच्याकडे माणूस गंभीर झाला की गोवा मेडिकल कॉलेजचा रस्ता धरायचा हे ठरलेलंच. मागच्या सीटवर कुणाचे तरी वडील आडवे असतात, बाहेर जुलैचा पाऊस, वायपर फुल स्पीडला आणि तरी काचेपलीकडचं धड दिसत नाही. तेव्हा गाडीतल्या सगळ्यांचा भार चार टायरांवर असतो, आणि प्रत्येक टायर जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर रस्त्याला टेकलेला असतो. म्हणून टायरच्या बाबतीत मला नुसता अंदाज चालत नाही. "अजून बरे आहेत की" असं लांबून बघून सांगणारा माणूस मला नको असतो.

दुकानाच्या मालकांना सगळे ड्रायव्हर काका म्हणतात. त्यांच्या खिशात पेनाच्या शेजारी टायरच्या खाचांची खोली मोजायचं गेज कायम अडकवलेलं असतं. दीड-दोनशे रुपयांची वस्तू, पण जिल्ह्यातल्या किती टायरवाल्यांकडे ती हाताशी असते ते जाऊन बघा. गाडी शेडमध्ये घेतली की काका पहिल्यांदा स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवायला लावतात. त्यामुळे पुढच्या टायरची आतली कड बाहेर येते. उभ्या गाडीत आपल्याला दिसते ती बाहेरची कड. आतली बघायला एक तर वाकायला लागतं, नाही तर चाक वळवायला लागतं, आणि दोन्ही गोष्टी कुणी करत नाही.

यंदा मिरगाच्या आधी गेलो तेव्हाचं सांगतो. बाहेरून पुढचे दोन्ही टायर चांगले दिसत होते. काकांनी गेजची पिन खाचेत उभी धरली, दट्ट्या टायरला टेकेपर्यंत दाबला आणि आकडा वाचून खडूने टायरवरच लिहिला. बाहेरच्या खाचेत साडेचार मिलिमीटर, मधल्यात चार, आतल्यात दोन. मग टायर थोडा फिरवून तेच दुसऱ्या जागी, तेच तिसऱ्या जागी. आकडे थोडे इकडेतिकडे, पण आतली कड सगळीकडे दोनच्या आसपास.

"अरे, टायर भायरसून बघूचो नसता," ते म्हणाले, "आतसून बघूचो."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला फार आवडतं, कारण त्याला कुठलंही यंत्र लागत नाही. तळहात सपाट ठेवून टायरवरून आडवा फिरवला, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. मलाही करायला लावलं. एका दिशेने हात सरळ सरकत गेला, उलट फिरवला तेव्हा बोटांना प्रत्येक ठोकळ्याची धार लागत होती. याचा अर्थ दोन्ही पुढची चाकं समांतर धावत नाहीत, प्रत्येक फेऱ्याला टायर थोडा आडवा घासतो आहे. चाकांच्या या समांतरपणाला टो म्हणतात, तो बिघडला की असं होतं. पावसाळ्यात रस्त्याला खड्डे पडतात, एखाद्या खड्ड्यात चाक जोरात आपटतं, स्टेअरिंग किंचित एका बाजूला ओढायला लागतं आणि आपण नकळत ते हाताने सावरून गाडी चालवत राहतो. हात सावरतो, टायर झिजत राहतो.

काकांचं टायरवाचन इथपर्यंत थांबत नाही. टायर फक्त मधोमध झिजला असेल तर हवा जास्त भरत आलात. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत असेल तर हवा कमी ठेवून गाडी पळवलीत, आणि हे जास्त वाईट, कारण कमी हवेचा टायर धावताना दर फेऱ्याला वाकतो, तापतो आणि उन्हाळ्यात फुटायला तेवढं कारण पुरतं. टायरवर ठिकठिकाणी खोलगट चट्टे पडले असतील तर टायरला दोष देण्याआधी शॉकअब्सॉर्बर आणि चाकांचं बॅलन्सिंग, म्हणजे वजनाचा समतोल, तपासून घ्या. हे सगळं ते गिऱ्हाइकाला त्याच्याच टायरवर बोट ठेवून दाखवतात. टायर का झिजला हे न शोधता नवा टायर चढवला तर तोही त्याच वाटेने जाणार, आणि पैसे परत आपलेच.

आता मुख्य प्रश्न. टायर बदलायचा कधी? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे कारच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा उथळ झालेली चालत नाही. दुचाकी आणि रिक्षाला हीच मर्यादा ०.८ आहे. हे मोजायला गेज नसलं तरी टायरमध्येच सोय करून ठेवलेली असते. खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटर उंचीचे. ते पटकन सापडत नाहीत, म्हणून टायरच्या खांद्यावर त्यांच्या सरळ रेषेत बारीक त्रिकोण किंवा टी-डब्ल्यू-आय ही इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात. वरचं रबर झिजून त्या उंचवट्याच्या पातळीला आलं की टायर संपला. नव्या कारच्या टायरला साधारण ७ ते ८ मिलिमीटर खाच असते, म्हणजे वापरायला खरं रबर साडेपाच ते साडेसहा मिलिमीटरच मिळतं.

पण १.६ ही कायद्याची शेवटची रेघ आहे. कोकणातल्या पावसात तिथपर्यंत वाट बघू नये, हे काकांचं म्हणणं आहे आणि मी त्याच्याशी शंभर टक्के सहमत आहे. खाचा कशासाठी असतात? कोरड्या रस्त्यावर त्यांचं फारसं काम नसतं. त्या पाण्यासाठी असतात. भातशेतीत कोपऱ्याला चर काढतो तसंच आहे, चर उथळ झाला की पाणी कुणग्यातच, म्हणजे वाफ्यातच, तुंबतं. टायर रस्त्यावरचं पाणी खाचांतून बाजूला सारतो म्हणून रबर रस्त्याला भिडतं. खाच उथळ झाली की तेवढं पाणी वाहून जात नाही, ते टायरच्या पुढे साचतं, आणि वेग असेल तर टायर पाण्याच्या थरावर चढतो. त्या क्षणी ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही हातचे जातात. कुडाळ-झाराप-बांदा या पट्ट्यात चौपदरी रस्ता झाल्यापासून सगळ्यांचे वेग वाढलेत, आणि जोराची सर आली की उताराच्या जागी रस्त्यावर पाण्याचा सपाट थर धरतो. तिथे दोन मिलिमीटरचा टायर घेऊन ऐंशीच्या वेगाने जाणं मला मंजूर नाही, गाडीत पेशंट असो वा नसो.

त्यात आमच्याकडे चिरेखाणी, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणी. चिऱ्यांच्या ट्रकच्या चाकांना लागून लाल माती डांबरावर येते आणि पहिल्या पावसात तिचं असं काही बुळबुळीत रसायन होतं की नवा टायरसुद्धा जपून चालवावा लागतो. म्हणून काकांचा हिशेब असा: पावसाळ्याच्या तोंडावर कुठल्याही खाचेत तीनपेक्षा कमी असेल तर टायर बदला. टायर ऑक्टोबरात साडेतीनवर आला असेल तर उन्हाळाभर बिनधास्त वापरा, मेमध्ये परत दाखवा. नोव्हेंबरात मी एकदा टायर घ्यायच्या तयारीनेच गेलो होतो, तर मोजून झाल्यावर मला फक्त हवा भरून आणि चाकं अदलाबदल करून परत पाठवलं. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करायचे असतात. त्या दिवशी त्यांचं बिल दोन टायरांचं होऊ शकलं असतं.

तर यंदाच्या मेमध्ये पुढचे दोन्ही बदलायचे हे नक्की झालं. मी म्हटलं, चारही टाकू या का? मागच्यांना पाचच्या वर खाच शिल्लक होती.

"चार कित्याक? दोन घे. मागचे अजून चलतले."

आणि मग त्यांनी नवे दोन मागे लावले. मागचे जुने पुढे आणले. इथे जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक वाद घालतो, कारण सगळ्यांना वाटतं की इंजिन पुढे, स्टेअरिंग पुढे, ब्रेकचा मोठा भार पुढे, मग चांगला टायर पुढेच हवा. टायर बनवणाऱ्या कंपन्या मात्र उलट सांगतात: दोनच नवे घेतले तर ते मागच्या अॅक्सलला. काकांच्या शब्दांत याचं कारण असं: "पुढचो घसराक लागलो तर स्टेरिंगार कळता. मागचो गेलो तर कळाच्या आदी गाडी फिरता." ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जायला बघते. आपण पाय उचलतो, वेग उतरतो, पकड परत येते. मागची सुटली तर गाडीची शेपूट बाहेर येते आणि साध्या ड्रायव्हरला ते सावरता येत नाही. आंबोली घाटातून पावसात उतरणाऱ्याने हे नीट समजून घ्यावं. एका बाजूला दरी, समोर धुकं, वळणावर वरून वाहत आलेलं पाणी, आणि धबधब्याजवळ रस्त्यातच उभे राहिलेले पर्यटक. गाडी तिथे स्वतःभोवती फिरायला लागली तर सावरायला जागाच नसते.

हे पटवून द्यायला त्यांचे पाच-दहा मिनिटं जातात. सिझनला बाहेर गाड्यांची रांग असते तरी ते सांगतात. मी दोन-तीन गिऱ्हाइकांना "नाही, पुढेच लावा" असं अडून बसलेलं पाहिलं आहे. काका शांतपणे सांगत राहतात.

टायर निवडताना बहुतेक जण आकार विचारतात आणि थांबतात. माझ्या गाडीच्या टायरवर १८५/६५ आर १५ आणि पुढे ८८ एच असं असतं. १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे कडेची उंची रुंदीच्या किती टक्के, १५ म्हणजे रिमचा इंची व्यास. त्यापुढच्या ८८ कडे कुणी बघत नाही. ८८ म्हणजे त्या टायरला ५६० किलोपर्यंत भार चालतो, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. सात सीटच्या गाडीत सात माणसं, वर आंब्याच्या पेट्या आणि चाकरमान्यांच्या बॅगा. स्वस्तात मिळतो म्हणून कमी भाराच्या आकड्याचा टायर इथे चढवणं चुकीचं आहे, आणि काका तसा टायर मागितला तरी देत नाहीत. आयएसआय खूण तर टायरवर असायलाच लागते.

वयाचं प्रकरण वेगळं आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते डोळ्यांना फसवतं. टायरच्या कडेवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी चार आकडे. २३१९ असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बनलेला. ही पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते, ती आतल्या बाजूला गेली असेल तर पुन्हा वाकायला लागतं. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं. कडक होतं, बारीक भेगा पडतात, खाच भरपूर असते पण ओल्या रस्त्यावर पकड नसते. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांचा झाला की खाच कितीही असो, काढून टाकावा, असं टायर कंपन्याच सांगतात. आमच्या किनाऱ्यावर गाडी वर्षभर उन्हात उभी असते. मुंबईवाल्यांच्या गावच्या घरी पडवीत झाकून ठेवलेल्या गाड्या बघा. गणपतीला आणि मेमध्ये बाहेर निघतात, मीटरवर किलोमीटर थोडेच, नक्षी नव्यासारखी, आणि कडेला बोटाने दाबून ताणलं की भेगा उघडतात. अशा गाडीचे मालक मला सांगतात, टायर नवेच आहेत. मी त्यांना चार आकडे वाचायला लावतो.

नवा टायर घेतानाही हे आकडे बघायचे. हमरस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात मला घसघशीत सूट देऊन टायर दाखवले होते, तेव्हा वाचले तर ते तीन वर्षांपूर्वी बनलेले. तिथून मी उठलो. काकांच्या दुकानात टायर चढवायच्या आधी आकडे गिऱ्हाइकाला वाचून दाखवतात आणि बिलावर लिहितात. माझ्या बिलावर दोन्ही टायरांचे आकडे आणि गाडीचं रीडिंग, दोन्ही आहेत.

स्टेपनीचंही तेच. एर्टिगाची स्टेपनी मागे गाडीच्या पोटाखाली टांगलेली असते, त्यामुळे चिखल, खारी हवा, तारकर्लीची रेती सगळं तिच्यावर बसतं आणि तिच्याकडे बघतो कोण? काकांच्या मुलाने न सांगता ती खाली घेतली, धुतली, हवा बघितली तर निम्म्याच्या आसपास. रिमच्या कडेला गंज होता, तो घासून साफ केला, टांगणीच्या साखळीला ग्रीस लावलं. त्याचे पैसे लावले नाहीत. रात्री दीड वाजता गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या पुढे पंचर झालं तर ही स्टेपनीच कामाला येणार आहे.

बाकी कामं थोडक्यात. टायरच्या कडेला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात, तो दुरुस्त होत नाही, काका हातसुद्धा लावत नाहीत, बदला म्हणतात. कडेचं पंचरही काढत नाहीत. मधल्या भागातल्या पंचरला टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच, म्हणजे छत्रीच्या आकाराचं ठिगळ, मारतात. वेळ आणि पैसे जास्त जातात, पण नुसती बाहेरून दोरी घुसवण्यापेक्षा हे काम खात्रीचं. नट मशीनने हलके घट्ट करून शेवटचा पीळ ठरावीक जोरापर्यंतच आवळणाऱ्या टॉर्क पान्याने, समोरासमोरचे नट आलटून पालटून. हवा गाडीच्या दाराच्या खांबावरच्या तक्त्याप्रमाणे भरतात, टायरवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे नाही, कारण तो आकडा टायरला सोसणाऱ्या कमाल हवेचा असतो. हवेऐवजी नायट्रोजन भरायची सोय आहे, आग्रह नाही. काढलेल्या टायरची कड सुरीने कापूनच तो बाजूला टाकतात, म्हणजे परत कुणी तो विकू शकत नाही. त्यातले बरेचसे मालवणचे ट्रॉलरवाले होडीच्या अंगाला बांधायला नेतात.

उणिवा आहेत, त्या लिहायलाच हव्यात. मोजक्याच कंपन्यांचे टायर ठेवतात. तुम्हाला अमुकच हवा असेल तर दोन-तीन दिवस थांबावं लागतं. भाव ऑनलाइनपेक्षा टायरमागे दोन-तीनशेने जास्त पडतो, आणि घासाघीस केली तर काका फार कमी करत नाहीत. मला हे पैसे योग्य वाटतात, पण ज्याला फक्त भाव बघायचा आहे त्याने नाराज होऊ नये. बसायला एक बाकडं आहे, त्यावर पावसात तिरकी सर आली की भिजायला होतं. बायकामुलांना घेऊन आलेल्यांसाठी आत दोन खुर्च्या टाकायला हव्यात, हे मी त्यांना सांगितलं आहे. अलाइनमेंटचं मशीन एकच, त्यामुळे दोन गाड्या पुढे असल्या की दीड तास मोडला. आणि वीज गेली की काम थांबतं, जनरेटर फक्त कॉम्प्रेसरपुरता आहे.

यंदा मला दोन टायर, चारही चाकांचं बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नवे व्हॉल्व्ह मिळून साडेतेरा हजारांच्या आत काम झालं. अलाइनमेंटनंतर आधीचे आणि नंतरचे आकडे छापलेला कागद देतात, तो मागून घ्या आणि गाडीत ठेवा, पुढच्या वेळी तुलना करायला उपयोगी पडतो.

दुकान सकाळी नऊला उघडतं, दुपारी जेवायला बंद असतं, रविवारी अर्धा दिवस. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि गणपतीच्या आधीच्या आठवड्यात गर्दी फार, तेव्हा सकाळी उघडताच जा. गाडी थंड असताना नेली तर हवाही बरोबर मोजली जाते. आणि स्टेपनी खाली घ्यायला सांगा.